मुलांच्या जठरात आणि आतड्यात पॉलिप: आजाराचं नेमकं नाव कसं शोधायचं आणि पुढची वर्षं कशी आखायची

दुर्बिणीच्या रिपोर्टावर 'पॉलिप' हा शब्द आला की घरात त्याची 'गाठ' होते आणि गाठ म्हणजे कॅन्सर असं धरून सगळे हादरतात. पॉलिप म्हणजे आतल्या अस्तरावर फुटलेला कोंब. २ ते ६ वर्षांच्या मुलाला न दुखता शीबरोबर रक्त जातं, तेव्हा बहुतेक वेळा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात असा एकच कोंब सापडतो. तो देठासकट काढला, तपासणीत साधा जुवेनाइल पॉलिप निघाला आणि घराण्यात कुणाला असा त्रास नसला, तर विषय तिथेच संपतो. त्या मुलाला कॅन्सरचा वेगळा धोका नसतो आणि वर्षावर्षाला दुर्बीण घालायची गरजही नसते.

उरलेल्या थोड्या मुलांची गोष्ट वेगळी असते. त्यांना कोंब अनेक असतात, जठरात किंवा लहान आतड्यात असतात, किंवा एकच असला तरी घराण्यात इतिहास असतो. या मुलांचा कॅन्सरचा धोका खरा आहे, पण तो मुख्यतः मोठेपणीचा आहे. लहान मुलाला जठराचा कॅन्सर होणं अतिशय दुर्मीळ. बालपणी जिवावर बेततं ते रक्त जाऊन होणारा पंडुरोग आणि आतड्यात आतडं शिरणं. कोणत्या मुलाला कुठली तपासणी, कोणत्या वयात आणि किती वर्षांनी करायची, हे सगळं आजाराच्या नेमक्या नावावर ठरतं. नाव चुकलं की एका मुलाला उगाच दरवर्षी भूल दिली जाते आणि दुसऱ्याची गरजेची तपासणी राहून जाते. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा नाव शोधण्याला दिली आहे.

शंका कधी घ्यायची

लहान मुलाच्या शीला रक्त लागलं की 'उष्णता झाली', 'मोड आला', 'आव पडली' असं म्हणून महिने जातात. लहान मुलात मूळव्याध फार क्वचित असते. बद्धकोष्ठाने चीर पडली असेल तर शी करताना दुखतं आणि मूल रडतं. पॉलिपचं रक्त न दुखता येतं, शीच्या वर लालभडक दिसतं आणि अधूनमधून थांबतंही. थांबलं म्हणजे बरं झालं, या समजुतीने सर्वांत जास्त वेळ वाया जातो. आणखी एक चकवा शीच्या कॅलप्रोटेक्टिन चाचणीचा, म्हणजे आतड्याची सूज दाखवणाऱ्या चाचणीचा. पॉलिपमुळेही ती वाढलेली येते आणि कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची सूज, समजून उपचार सुरू होतात.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे थांबू नका. मुलांच्या पोटविकारांचे तज्ज्ञ, म्हणजे बालगॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट, यांच्याकडे चिठ्ठी मागा:

- लोहाचं औषध वजनाप्रमाणे, दर किलोला रोज ३ मिलिग्रॅम लोह या हिशेबाने, नियमित देऊनही हिमोग्लोबिन पुन्हापुन्हा घसरणं
- ओठांवर, गालाच्या आतल्या बाजूला, बोटांच्या टोकांवर काळे-तपकिरी ठिपके
- चेहरा किंवा पाय सुजणं आणि रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी येणं
- एकापेक्षा जास्त पॉलिप, किंवा जठरात कितीही पॉलिप
- घराण्यात पन्नाशीच्या आत पोटाचा किंवा आतड्याचा कॅन्सर
- वारंवार घोळणा फुटणं आणि त्यासोबत पंडुरोग
- डोक्याचा घेर वयाच्या मानाने खूप मोठा असणं आणि शीतून रक्त जाणं

ठिपक्यांविषयी थोडं सविस्तर. जन्मतः असलेला तीळ किंवा उन्हाचे डाग वेगळे. प्यूट्झ-जेघर्स या आतड्यात कोंब आणणाऱ्या आनुवंशिक आजाराचे ठिपके सहसा पहिल्या काही वर्षांत उमटतात, १ ते ५ मिलिमीटरचे असतात आणि ओठाची कड ओलांडून जातात. वयात आल्यावर ओठांवरचे फिके पडतात, गालाच्या आतले राहतात. त्यामुळे आई-वडिलांना तपासताना त्यांचं तोंड उघडून बघावं लागतं. त्यांचे लहानपणीचे जवळून काढलेले फोटो मिळाले तर तेही आणा.

घराण्याचा नकाशा

डॉक्टरांकडे जाण्याआधी एका मोठ्या कागदावर तीन पिढ्या मांडा: मुलाची भावंडं, आई-वडील, काका-आत्या, मामा-मावशी, दोन्हीकडचे आजी-आजोबा. प्रत्येकाचं वय, गेले असतील तर गेले तेव्हाचं वय आणि कारण. 'पोटाच्या आजारानं गेले' एवढ्यावर समाधान मानू नका. ऑपरेशन झालं होतं का, आतडं कापलं होतं का, रक्त चढवावं लागायचं का, शेवटी खाल्लेलं उलटून पडायचं का, असं खोदून विचारा. सासवड, जुन्नर किंवा बारामतीला घरात जुनी फाइल पडलेली असते. तिच्यातला एक पॅथॉलॉजी रिपोर्ट दहा आठवणींपेक्षा मोलाचा.

आजोळची बाजू वडिलांकडच्या बाजूइतकीच बारकाईने लिहा. या आजारांपैकी बहुतेकांत सदोष जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडून येतं. ज्याच्यात ते आहे त्याच्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, ते मिळण्याची शक्यता निम्मी. मोठ्या आतड्यात शेकडो कोंब आणणाऱ्या फॅमिलियल ॲडिनोमॅटस पॉलिपोसिस या आजारात तर जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत दोष त्या मुलापासूनच नव्याने सुरू झालेला असतो आणि आई-वडील दोघांतही सापडत नाही. हे सासरच्या माणसांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. 'सुनेच्या माहेरून आलं' या एका वाक्याने माहिती दडपली जाते, आणि दडपलेल्या माहितीची किंमत पुढच्या पिढीतलं मूल मोजतं.

मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालेलं असेल तर ते आवर्जून सांगा. त्याचा वरच्या प्रकारच्या आजारांशी संबंध नाही, पण दोन आजारांत आई आणि वडील दोघांकडून दोष यावा लागतो: एमयूटीवायएच जनुकाशी जोडलेला पॉलिपोसिस, आणि डीएनएच्या दुरुस्तीतल्या दोषामुळे बालपणीच मेंदूचे, रक्ताचे, आतड्याचे कॅन्सर करणारा सीएमएमआरडी. नात्यातल्या लग्नात या दोन्हींची शक्यता वाढते. सीएमएमआरडीच्या मुलांच्या अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे मोठे चट्टे असतात. ते दिसले तर सांगायला विसरू नका.

दुर्बिणीची तयारी: इथेच निम्मं काम बिघडतं

शंका असलेल्या मुलाच्या तपासणीत सहसा वरून जठरापर्यंत आणि खालून मोठ्या आतड्यापर्यंत अशा दोन्ही दुर्बिणी एकाच भुलीत घालतात. दोन वेगळ्या दिवशी दोन भुली देण्याचं कारण क्वचितच असतं. तारीख घेताना हे विचारून घ्या. भूलतज्ज्ञ हजर असणार का, हेही विचारा.

आतडं स्वच्छ नसेल तर छोटे कोंब दिसतच नाहीत, मोजणी चुकते आणि मोजणी चुकली की आजाराचं नाव चुकतं. म्हणून:

लोहाचं औषध ५ ते ७ दिवस आधी बंद. त्याने शी काळी आणि चिकट होते आणि भिंतीला चिकटून बसते. बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण हिमोग्लोबिन फार कमी असेल तर आधी रक्त द्यावं लागतं.

दोन दिवस आधीपासून चोथा आणि बिया बंद. पेरू, अंजीर, टोमॅटो, काकडी, तीळ, पालेभाज्या, बाजरी-ज्वारीची भाकरी, मोड आलेली कडधान्यं नकोत. मऊ भात, वरणाचं पाणी, इडली, दही, उकडलेला सालं काढलेला बटाटा चालतो.

आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारं पातळ: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, साखरपाणी, सफरचंदाचा गाळीव रस. कोकम, बीट, गुलाबाचं सरबत, लाल जेली नको. आत त्याचा रंग रक्तासारखा दिसतो.

पोट साफ करायचं पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं औषध मोठ्यांसाठी २ लिटर पाण्यात कालवतात. मुलांना ते वजनावर देतात, म्हणून मुलाचं वजन त्याच आठवड्यात करा, मागच्या वर्षीचं सांगू नका. थंड करून, स्ट्रॉने, दर १० मिनिटांनी थोडं थोडं दिलं तर मुलं घेतात. एकदम ग्लासभर पाजलं तर उलटी ठरलेली. जी मुलं घेतच नाहीत त्यांना दवाखान्यात नाकातल्या नळीने देतात. तेव्हाचा वेग ताशी दर किलोला २५ मिलीपर्यंत, म्हणजे १६ किलोच्या मुलाला ताशी ४०० मिली. शेवटची शी लघवीसारखी पिवळसर, स्वच्छ आली की तयारी झाली. गढूळ असेल तर सकाळीच फोन करून सांगा.

तपासणीला बाहेरगावाहून पुण्यात येणाऱ्यांनी हे औषध घरी देऊन एसटीत बसू नये. दर अर्ध्या तासाला शी होते, मूल गळून जातं, साखर उतरते. आदल्या दुपारीच पुण्यात या, नातेवाइकांकडे उतरा किंवा मुलाला आदल्या दिवशीच दाखल करून घ्यायला सांगा. ५ वर्षांखालच्या मुलाला दाखल करणंच बरं.

भुलीआधी जड अन्न ८ तास, हलकं अन्न आणि वरचं दूध ६ तास, आईचं दूध ४ तास बंद असतं. साधं पाणी आणि आरपार पातळ किती वेळ आधी थांबवायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील. सहसा २ तास. 'उपाशी ठेवा' म्हटलं म्हणून रात्रभर थेंबही न देणं लहान मुलाला त्रासाचं आहे.

रिपोर्टात काय असायलाच हवं

'जठरात अनेक पॉलिप, बायोप्सी घेतली' एवढ्या ओळीवरून पुढे काहीच ठरवता येत नाही. कोंब जठराच्या कोणत्या भागात आहेत (वरचा घुमट, मधला भाग की आतड्याकडचं तोंड), अंदाजे संख्या ५, ३० की १०० पेक्षा जास्त, सर्वांत मोठा किती मिलिमीटर, किती काढले आणि किती हाती लागले, हे लिहून घ्या. फोटो मागा. पुढच्या वेळची तुलना फोटोवरूनच होते.

नमुन्यांचं बघा. जठराचे कोंब एका बाटलीत, लहान आतड्याचे दुसऱ्या, मोठ्या आतड्याचे तिसऱ्या. सगळे एकाच बाटलीत टाकले तर कुठला कुठून आला ते कायमचं हरवतं. दोन कोंबांच्या मधल्या, वरून निरोगी दिसणाऱ्या अस्तराचाही तुकडा घ्यायला हवा. जठराच्या बाबतीत याचं मोठं कारण आहे. जुवेनाइल पॉलिपोसिसचा, प्यूट्झ-जेघर्सचा आणि साध्या सुजेचा जठरातला कोंब सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखाच दिसू शकतो. फक्त जठराच्या तुकड्यावर दिलेलं नाव म्हणूनच कच्चं धरावं. तोच आजार मोठ्या किंवा लहान आतड्यातल्या कोंबात स्पष्ट ओळखू येतो: प्यूट्झ-जेघर्समध्ये स्नायूचे धागे झाडाच्या फांद्यांसारखे आत पसरलेले असतात, जुवेनाइलमध्ये चिकट द्रवाने फुगलेल्या पिशव्या दिसतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी त्याच वेळी करून घ्यावी.

बाटली स्वतः प्रयोगशाळेत न्यायची वेळ आली तर त्यावर मुलाचं नाव, वय, जागा आणि तारीख आहे का पाहा. आत फॉर्मॅलिन असलं पाहिजे, सलाइन किंवा पाणी नव्हे. रिपोर्ट आल्यावर मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या आणि दुर्मीळ आजाराची शंका असेल तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या. असा कोंब रोज पाहणारे पॅथॉलॉजिस्ट थोडे असतात. दुसरं मत मागितल्याने पहिल्याचा अपमान होत नाही.

एक साधी गोष्ट विसरली जाते. पँटोप्रॅझोल, ओमिप्रॅझोल यांसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या लांबल्या तर जठराच्या वरच्या भागात छोटे, निरुपद्रवी फंडिक ग्लँड पॉलिप येतात. मुलाला हे औषध किती महिने चाललं ते सांगा.

नावं आणि त्यांची वेळापत्रकं

*जुवेनाइल पॉलिपोसिस.* मोठ्या आतड्यात ५ किंवा जास्त जुवेनाइल पॉलिप, किंवा संपूर्ण अन्नमार्गात अनेक, किंवा घराण्यात आजार असताना एक जरी सापडला तरी हे नाव लागतं. इथे 'जुवेनाइल' हा शब्द कोंबाच्या प्रकाराचा आहे, वयाचा नाही. जवळजवळ निम्म्या रुग्णांत एसएमएडी४ किंवा बीएमपीआर१ए या जनुकांत दोष सापडतो. यातलं कोणतं, हे कळणं जठरासाठी फार महत्त्वाचं आहे, कारण जठर कोंबांनी गच्च भरतं ते प्रामुख्याने एसएमएडी४ मध्ये. अस्तर सुजून जाड होतं, रक्त आणि प्रथिनं झिरपत राहतात, अंगावर सूज येते. जठरात कोंब असलेल्या रुग्णांमध्ये आयुष्यभरातला जठराच्या कॅन्सरचा धोका २१ टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो.

त्रास नसेल तर मोठ्या आतड्याची दुर्बीण १२ ते १५ वर्षांच्या दरम्यान सुरू होते, रक्त जात असेल तर त्याआधीच. पुढची तपासणी सापडलेल्या कोंबांवर ठरते, १ ते ५ वर्षांनी. जठराच्या दुर्बिणीबाबत युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांची मतं वेगळी आहेत: युरोपातले बालपणी ती पंडुरोग किंवा वरच्या पोटाचा त्रास असल्यावरच करा म्हणतात, अमेरिकेतले १२ ते १५ च्या सुमारासच सुरू करतात. एसएमएडी४ सापडलेल्या मुलात आम्ही लवकर पाहण्याच्या बाजूचे आहोत.

एसएमएडी४ चं आणखी एक अंग कुणी सांगत नाही. याच मुलांना रक्तवाहिन्यांचा एक आनुवंशिक आजार, एचएचटी, जोडीला असू शकतो. घोळणा फुटतो ते याचंच लक्षण. फुप्फुसात धमनी आणि शीर थेट जोडलेल्या असू शकतात आणि त्या वाटेने गुठळी किंवा जंतू मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणून बुडबुडे सोडून केलेली इकोकार्डिओग्राफी करून घ्यावी. फुप्फुसात दोष सापडला तर दात काढण्याआधी प्रतिजैविक लागतं आणि सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडा जाऊ देता कामा नये. ही सूचना फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला भरमसाट कोंब, सतत रक्तस्राव आणि मोठं डोकं असेल तर तो याचा सर्वांत तीव्र प्रकार असू शकतो. त्यात बीएमपीआर१ए आणि शेजारचं पीटेन ही दोन्ही जनुकं एकत्र गळलेली असतात. असं बाळ एका दिवसाचाही उशीर न करता मोठ्या केंद्रात गेलं पाहिजे.

*प्यूट्झ-जेघर्स.* जनुक एसटीके११. कोंब कुठेही येतात, पण त्रास देतात ते लहान आतड्यातले. जड कोंब पुढे ओढला जातो आणि त्याच्यासोबत आतडं आतड्यात शिरतं. या आजाराच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना तरुण होईपर्यंत एकदा तरी हे होतं, म्हणून लहानपणीची देखरेख मुख्यतः हे टाळण्यासाठी असते. लक्षणं नसली तरी ८ व्या वर्षी जठराची दुर्बीण, मोठ्या आतड्याची दुर्बीण आणि लहान आतड्यासाठी कॅप्सूल एंडोस्कोपी, म्हणजे गिळायच्या कॅमेऱ्याने तपासणी, करावी. कोंब सापडले तर दर ३ वर्षांनी, नाही सापडले तर १८ व्या वर्षी पुन्हा. लहान आतड्यातला १५ मिलिमीटरहून मोठा कोंब त्रास नसतानाच लांब दुर्बिणीने, म्हणजे बलून एन्टेरोस्कोपीने काढतात.

कॅप्सूल मोठ्या गोळीएवढी असते. आठवडाभर आधीपासून जेलीचे, मग पिकलेल्या केळ्याचे वाढत्या आकाराचे तुकडे न चावता गिळायचा सराव करवा. जमलं नाही तर दुर्बिणीने ती जठरापलीकडे सोडतात. कॅप्सूलऐवजी एमआरआय एन्टेरोग्राफी चालते. नियमित देखरेखीसाठी सीटी स्कॅन टाळा, कारण या मुलांना आयुष्यभर तपासण्या करायच्या आहेत आणि प्रत्येक सीटीचं रेडिएशन साचत जातं.

मुलग्यांच्या अंडकोषांची तपासणी दरवर्षी व्हायला हवी. छातीला गाठी आल्या किंवा मूल वयाच्या मानाने एकदम उंच वाढलं, तर अंडकोषातला हार्मोन तयार करणारा ट्यूमर शोधावा. मुलीची पाळी किंवा वयात येण्याची चिन्हं ८ वर्षांआधी दिसली तर अंडाशयाची सोनोग्राफी.

*फॅमिलियल ॲडिनोमॅटस पॉलिपोसिस.* जनुक एपीसी. मोठ्या आतड्यात शेकडो ॲडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारे कोंब, येतात आणि आतडं वेळीच काढलं नाही तर सरासरी चाळिशीच्या आतबाहेर कॅन्सर जवळजवळ अटळ असतो. मुलाची जनुकीय चाचणी १२ ते १४ व्या वर्षी, दोष सापडला तर मोठ्या आतड्याची दुर्बीण त्याच सुमारास सुरू, पुढे दर १ ते ३ वर्षांनी. आतडं काढायची वेळ बहुतेकांना किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीत येते. बोर्डाच्या परीक्षा, कॉलेज बघून सर्जनबरोबर तारीख ठरवता येते, फक्त ठरवलेली तारीख पुढे ढकलत राहू नका.

यांच्या जठरात फंडिक ग्लँड पॉलिप खूप जणांना असतात आणि पाहताना भीती वाटते. मुलांमध्ये ते सहसा निरुपद्रवी. पाश्चात्त्य देशांत या आजारातला जठराचा कॅन्सर कमी, जपान-कोरियात जास्त आढळतो, म्हणून मोठेपणीची जठराची देखरेख टाळू नये. जबड्यावर हाडाच्या गाठी, जादा दात, त्वचेखाली गोळे ही बाहेरची चिन्हं दंतवैद्याच्याही लक्षात येऊ शकतात. या कुटुंबातल्या ५ वर्षांखालच्या मुलांना यकृताचा हिपॅटोब्लास्टोमा हा ट्यूमर होण्याचा थोडासा धोका असतो. सरसकट सगळ्यांची तपासणी करायची का यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण पोट वाढलं किंवा हाताला कडक लागलं तर लगेच सोनोग्राफी करा.

*गॅप्स.* २०१२ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला आजार. कोंब फक्त जठराच्या वरच्या आणि मधल्या भागात गालिच्यासारखे, १०० हून जास्त. जठराचं खालचं तोंड मोकळं, मोठं आतडंही स्वच्छ. १० वर्षांच्या मुलातही सापडलेला आहे आणि जठराचा कॅन्सर तरुणपणी होऊ शकतो. दोष एपीसी जनुकातच आहे, पण त्याच्या आधीच्या 'प्रमोटर १बी' या पट्ट्यात. नेहमीच्या अनेक चाचण्या हा पट्टा वाचत नाहीत आणि रिपोर्ट 'एपीसी निर्दोष' असा येतो. चित्र गॅप्सचं असेल तर प्रयोगशाळेला लेखी विचारा: प्रमोटर १बी वाचला आहे का?

*पीटेनचे आजार.* मोठं डोकं, कधी स्वमग्नता, त्वचेवर बारीक गाठी. मुलांमध्ये थायरॉइडची सोनोग्राफी साधारण ७ व्या वर्षापासून.

घराण्यात जठराचा कॅन्सर आहे पण कुणालाच कोंब नाहीत, तर सीडीएच१ हे वेगळं जनुक शोधायचं असतं. त्या वाटेने गेलेल्या कुटुंबाला पॉलिपची वेळापत्रकं लागू पडत नाहीत.

जनुकीय चाचणी: क्रम महत्त्वाचा

आधी ज्याला आजार आहे त्याची चाचणी, मग निरोगी नातेवाइकांची. उलट केलं तर 'दोष नाही' या उत्तराला अर्थच राहत नाही, कारण कुटुंबात कोणता दोष शोधायचा तेच माहीत नसतं. जांभळ्या झाकणाच्या नळीत २ ते ५ मिली रक्त पुरतं. रिपोर्टाला सहसा ३ ते ४ आठवडे लागतात.

पॅनलमध्ये, म्हणजे एकाच चाचणीत वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या यादीत, एपीसी, एमयूटीवायएच, एसटीके११, एसएमएडी४, बीएमपीआर१ए, पीटेन ही जनुकं आहेत का पाहा. जनुकाचा मोठा तुकडा गळालेला असेल तर साध्या वाचनात तो सुटू शकतो. त्यासाठी एमएलपीए किंवा तशी तपासणी सोबत केली का ते विचारा.

उत्तर तीन प्रकारचं येतं. दोष सापडला, तर भावंडांची फक्त त्या एका जागेची चाचणी होते, ती स्वस्त असते. प्यूट्झ-जेघर्सच्या कुटुंबात ती साधारण ३ वर्षांनंतर करतात. ज्या भावंडात दोष नाही, त्याची दुर्बीण कायमची सुटते. यासाठीच हा खर्च करायचा. काही सापडलं नाही, तरी कोंब आहेत तर आजार आहे, देखरेख सुरूच ठेवायची. तिसरं उत्तर 'अर्थ अनिश्चित' असलेला बदल. त्यावरून कुणाचं आतडं काढू नये, कुणाला निर्धोक ठरवू नये आणि भावंडांची चाचणीही करू नये. दोन-तीन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेला पुन्हा अर्थ विचारावा, तो बदललेला असू शकतो.

पुण्यात कुठे, आणि खर्च

पुण्यात बालगॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट मोठ्या खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांत आहेत. स्टेशनजवळच्या ससून सर्वोपचार रुग्णालयात सरकारी व्यवस्था आहे. आनुवंशिक कॅन्सरच्या समुपदेशनासाठी खारघरच्या ॲक्ट्रेकमधलं टाटा स्मारक केंद्राचं क्लिनिक पुणेकरांना द्रुतगती मार्गाने मुंबईच्या अलीकडेच पडतं. जाताना ब्लॉक, काचपट्ट्या, दुर्बिणीचे फोटो आणि घराण्याचा नकाशा न्या, म्हणजे दुसरी फेरी वाचते.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपली प्रक्रिया बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे तारीख घेण्याआधी विचारा. पुण्यातली अनेक मोठी रुग्णालयं धर्मादाय न्यासांची आहेत. कायद्याने त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकांना दाखल होण्याआधीच भेटा. बिल झाल्यावर सवलत मिळवणं अवघड जातं.

कोंब काढल्यानंतरचे दोन आठवडे

देठ कापलेल्या जागेची खपली पडून १४ दिवसांपर्यंत रक्त जाऊ शकतं. तेवढे दिवस गावाला लांब जाऊ नका आणि आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका. तापाला पॅरासिटामॉल. चमचाभर रक्त एकदा गेलं तर फोन करा. गुठळ्या पडल्या, मूल पांढरं पडलं, पोट फळीसारखं कडक झालं किंवा ताप आला तर लगेच रुग्णालय गाठा.

कोणताही काढा किंवा पथ्य या कोंबांना विरघळवत नाही. नेहमीचं घरचं अन्न चालतं, लसी वेळेवर द्यायच्या, खेळावर बंदी नाही.

खिशातली चिठ्ठी

आतड्यात आतडं शिरल्याची कळ थांबून थांबून येते. मूल पाय पोटाशी घेतं, हिरवी उलटी होते, शेवटी जांभळट, जेलीसारखी शी होते. प्यूट्झ-जेघर्सच्या मुलात हे लहान आतड्यात होत असल्याने बस्तीने सोडवता येत नाही, बहुतेक वेळा सर्जन लागतो. रात्री १०८ ला फोन केला तर जवळच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हा आजार पूर्वी पाहिलेला असेलच असं नाही. म्हणून मुलाच्या दप्तरात, आईच्या पर्समध्ये आणि वर्गशिक्षकांकडे अशी लॅमिनेट केलेली चिठ्ठी असू द्या:

"या मुलाला प्यूट्झ-जेघर्स आजार आहे. पोटात कळ आणि उलटी असल्यास आतड्यात आतडं शिरल्याचं समजून तातडीने सोनोग्राफी करावी आणि बालशल्यचिकित्सकांना बोलवावं. पोट उघडावं लागल्यास त्याच भुलीत दुर्बिणीने संपूर्ण लहान आतडं तपासून बाकीचे कोंबही काढावेत. शेवटची तपासणी तारीख: ____ सर्वांत मोठा कोंब: ____ मिमी. रक्तगट: ____ उपचार करणारे डॉक्टर आणि फोन: ____"

तिसरं वाक्य मुद्दाम घातलं आहे. एकाच ऑपरेशनमध्ये सगळे कोंब काढले तर पुढची कित्येक वर्षं पुन्हा पोट उघडावं लागत नाही, आणि घाईच्या रात्री हे कुणाच्या लक्षात राहत नाही. चिठ्ठीवरची तारीख आणि मिलिमीटर प्रत्येक तपासणीनंतर बदला. मूल १२ वर्षांचं झालं की ती त्याला स्वतः वाचून दाखवायला सांगा, आणि १८ व्या वर्षी मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना फाइल त्याच्याच हातात द्या.